पूलचं पाणी उतरतंय? टाइल फोडण्याआधी गळती अशी शोधा

बंगल्याच्या पूलमधलं पाणी रोज थोडं थोडं उतरतंय हे लक्षात आलं की दोनच गोष्टी कानावर येतात. केअरटेकर म्हणतो, "साहेब, ऊन किती आहे बघा, उडतंय पाणी." कंत्राटदार येऊन बघतो आणि म्हणतो, "टाइलच्या सांध्यांतलं ग्राउट गेलंय. पूल रिकामा करून सगळं नव्याने भरून घेऊ." दोघंही खोटं बोलत नसतात, पण दोघांनीही काही मोजलेलं नसतं. आणि न मोजता पूल रिकामा केला, ग्राउट उकरून पुन्हा भरलं, तर पाणी परत त्याच गतीने खाली जाऊ शकतं. कारण गळती टाइलमध्ये नसून जमिनीखालच्या पाइपात किंवा पंपरूममधल्या एखाद्या झिजलेल्या गॅस्केटमध्ये असू शकते.

अलिबाग, कर्जत, लोणावळा, इगतपुरी किंवा गोवा, कुठेही घरचा पूल असेल आणि तुम्ही यात नवे असाल, तर खाली दिलेल्या क्रमानेच जा. बादली, फूटपट्टी, चिकटपट्टी, खाण्याचा रंग आणि आठवडाभराचा धीर एवढ्यावर बहुतेक वेळा गळतीची जागा कळते किंवा निदान ती कोणत्या भागात आहे हे तरी पक्कं होतं. छिन्नी-हातोडा त्यानंतर.

आधी हिशोब

पूलची लांबी गुणिले रुंदी काढा. 10 मीटर बाय 5 मीटरचा पूल म्हणजे 50 चौरस मीटर पृष्ठभाग. त्यात पातळी 1 मिलिमीटर उतरली की 50 लिटर गेले, 1 सेंटिमीटर उतरली की 500 लिटर. बाष्पीभवन सोडून रोज 12 मिलिमीटर जास्तीचं जात असेल तर दिवसाला 600 लिटर आणि महिन्याला 18,000 लिटर. 10,000 लिटरचे जवळजवळ दोन टँकर दर महिन्याला जमिनीत जिरतात, तेही ज्या महिन्यांत आजूबाजूच्या वाड्या-वस्त्यांवर पाण्यासाठी रांगा असतात त्याच महिन्यांत. गळतीकडे "चालतंय तेवढं" म्हणून बघू नये, असं मला मनापासून वाटतं, ते याच हिशोबामुळे.

बाष्पीभवन किती धरायचं? ढोबळमानाने देशावर एप्रिल-मेच्या कोरड्या, वाऱ्याच्या दिवसांत 8 ते 10 मिलिमीटर, किनाऱ्यालगत दमट हवेत 5-6 मिलिमीटर आणि पावसाळी ढगाळ दिवसांत त्याहून बरंच कमी. पण हे आकडे फक्त अंदाजाला. तुमच्या पूलचा खरा आकडा बादली सांगेल.

बादलीची चाचणी

सगळ्यात आधी पूलमध्ये आपोआप पाणी भरणारा फ्लोट किंवा नळ बंद करा. कितीतरी गळत्या वर्षानुवर्षं लपून राहतात त्या याच फ्लोटमुळे. पातळी कायम जिथल्या तिथे दिसते, आणि वाढतं ते फक्त बोअरवेलच्या मोटरचं वीजबिल. माळी रोज सकाळी पाइप सोडत असेल तर त्यालाही सांगून ठेवा.

आता डिस्टेंपरची असते तशी 15-20 लिटरची बादली घ्या, शक्यतो फिक्या रंगाची. तीत पूलचंच पाणी भरा. नळाचं भरू नका, दोन्हीचं तापमान सारखं हवं. पाणी काठापासून इंच-दीड इंच खाली येईल इतकं भरा, कारण बादलीचा काठ फार उंच राहिला तर आतल्या पाण्याला वारा लागत नाही आणि ते कमी उडतं. तळाशी वजनाला एखादी वीट ठेवा आणि बादली पूलच्या पायरीवर अशी ठेवा की आतली आणि बाहेरची पातळी साधारण एका रेषेत येईल. पायरी नसेल तर शिडीला घट्ट बांधा. बादलीच्या आत पाण्याच्या पातळीला चिकटपट्टी लावा, बाहेर पूलच्या पातळीलाही लावा. पट्टीची वरची कड नेमकी पाण्याला टेकलेली हवी. त्यासाठी पाणी पूर्ण स्थिर झाल्यावर, सकाळी वारा पडलेला असताना खूण करा.

24 तासांनी त्याच वेळेला दोन्हीकडे फूटपट्टीने मोजा. बादलीत 6 मिलिमीटर आणि पूलमध्ये 7-8 उतरलं असेल तर ते बाष्पीभवनच आहे. केअरटेकरचं म्हणणं खरं. बादलीत 6 आणि पूलमध्ये 15 असेल तर गळती आहे. या काळात पोहणं बंद, पाऊस नको, बॅकवॉश (उलट्या प्रवाहाने फिल्टर धुणं) नको. बंगला रानाजवळ असेल तर माकडं आणि कुत्री बादलीतलं पाणी पितात, त्याकडेही लक्ष असू द्या. एका दिवसाच्या आकड्यावर विसंबू नका, लागोपाठ दोन-तीन दिवस घ्या.

याला जोड म्हणून पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा, खिशात मावणारा टीडीएस मीटर फार कामाचा आहे. पाणी उडतं तेव्हा क्षार मागे राहतात, गळतं तेव्हा क्षारही सोबत जातात. त्यामुळे जिथे फक्त बाष्पीभवन आहे आणि वरून बोअरचं जड पाणी पडतंय, तिथे टीडीएस महिन्यागणिक चढत जायला हवा. भरपूर पाणी टाकूनही तो चढत नसेल तर जुनं पाणी कुठूनतरी बाहेर पडतंय. मिठावर चालणारा क्लोरिनेटर असेल आणि बॅकवॉश फारसा न करताही मीठ सारखं टाकावं लागत असेल, तर तोही तोच इशारा.

पंप चालू, पंप बंद

गळती आहे हे ठरलं. आता ती पूलच्या हौदात आहे की पाइपात, हे ठरवायचं. बादलीची चाचणी दोनदा करा, एकदा 24 तास पंप पूर्ण बंद ठेवून आणि एकदा जास्तीत जास्त वेळ चालू ठेवून. दोन्ही वेळा पूलच्या आकड्यातून बादलीचा आकडा वजा करा.

पंप चालू असताना पाणी ठळकपणे जास्त जात असेल तर संशय दाबाच्या बाजूवर, म्हणजे फिल्टरपासून पूलच्या इनलेटपर्यंतच्या (गाळलेलं पाणी पूलमध्ये परत सोडणाऱ्या तोंडापर्यंतच्या) पाइपांवर. त्यात दाब असतो तेव्हाच बारीक चिरेतूनही पाणी जोराने बाहेर पडतं.

पंप बंद असताना जास्त जात असेल तर संशय ओढीच्या बाजूवर, म्हणजे स्किमर (वरचं पाणी आणि कचरा ओढणारं भिंतीतलं तोंड) किंवा मेन ड्रेन (तळातलं जाळीचं तोंड) इथपासून पंपापर्यंतच्या पाइपांवर. पंप चालू असताना या पाइपात पाणी ओढलं जातं, त्यामुळे चीर पाणी सोडण्याऐवजी हवा आत घेते. याची खूण डोळ्यांनी दिसते. पंपाच्या जाळीवरचं पारदर्शक झाकण बघा, आत बुडबुडे फिरत असतील आणि इनलेटमधूनही पूलमध्ये बुडबुडे येत असतील तर पंप हवा घेतोय. मात्र त्याआधी झाकणाची रबरी रिंग काढून पुसा आणि थोडं सिलिकॉन ग्रीस लावून परत बसवा. हवा बहुतेक वेळा तिथूनच येते, आणि ती काही गळती नव्हे.

दोन्ही वेळा आकडा सारखाच आला तर पाइप बऱ्यापैकी सुटले. मग हौद, दिव्याची खोबण, स्किमरचा सांधा, मेन ड्रेनचा डबा यांच्याकडे वळायचं.

पंपरूममध्ये अर्धा तास

इथे घाई करू नका. जमीन खणण्याआधी जे उघड्यावर आहे ते नीट बघून घ्यायलाच हवं. प्रत्येक सांध्यावर, व्हॉल्व्हच्या दांड्यावर, पंपाच्या पोटाखाली कोरडा टिश्यू पेपर फिरवा. मोटर आणि पंप यांच्यामधलं मेकॅनिकल सील गेलं असेल तर पंपाच्या खाली ओल किंवा पांढरी पुटं दिसतात.

पण सगळ्यात जास्त सुटून जाणारी जागा म्हणजे वाळूच्या फिल्टरवरचा मल्टिपोर्ट व्हॉल्व्ह, म्हणजे हँडल फिरवून 'फिल्टर', 'बॅकवॉश' वगैरे निवडायचा व्हॉल्व्ह. त्याच्या आत चाकाच्या आऱ्यांसारखं एक रबरी गॅस्केट असतं. ते झिजलं किंवा त्यात वाळूचा कण अडकला की व्हॉल्व्ह 'फिल्टर'वर असतानाही थोडं पाणी बॅकवॉशच्या पाइपातून गटारात किंवा शोषखड्ड्यात जात राहतं. बाहेर एक थेंबही दिसत नाही, कारण तो पाइप थेट जमिनीत गेलेला असतो. तपासणी सोपी आहे. व्हॉल्व्ह 'फिल्टर'वर ठेवून पंप चालू करा आणि बॅकवॉशच्या पाइपाचं दुसरं टोक शोधा. ते पूर्ण कोरडं असायला हवं. धार सोडाच, सतत ठिबक असेल तरी गॅस्केट बदला. टोक सापडत नसेल तर व्हॉल्व्हवरच्या काचेच्या डोळ्यात बघा, पाणी हलताना दिसतं का. आणि हँडल फिरवण्याआधी दर वेळी पंप बंद करायचा, हे केअरटेकरला पक्कं सांगा. चालू पंपावर हँडल फिरवल्यानेच ही गॅस्केटं लवकर जातात.

ओव्हरफ्लो आणि इन्फिनिटी पूल असेल तर

आपल्याकडच्या नव्या बंगल्यांत हेच जास्त दिसतात, आणि यात नवा माणूस हमखास गोंधळतो. पंप चालू असताना पूल कायम काठोकाठ असतो. पाणी कमी होतं ते काठावरून वाहिलेलं पाणी गोळा करणाऱ्या बॅलन्सिंग टँकमध्ये. म्हणून खुणा दोन ठिकाणी हव्यात, पूलमध्ये आणि बॅलन्सिंग टँकमध्ये.

पंप बंद करा. काठावरून वाहणारं पाणी टँकमध्ये उतरून दोन्ही पातळ्या स्थिरावू द्या, तासभर लागेल. पूल आणि टँक यांना जोडणारे व्हॉल्व्ह बंद असल्याची खात्री करा आणि मग खुणा करा. पूल उतरला तर हौद किंवा पूलचे पाइप. टँक उतरला तर टँक किंवा त्याचे पाइप. दोन्ही जागच्या जागी राहिले आणि पंप चालू केल्यावरच पाणी जात असेल, तर थेट दाबाच्या पाइपांना दोष देऊ नका. काठाची नाली, म्हणजे जाळीखालचं गटर, हेही फक्त पंप चालू असतानाच भरतं. अनेक ठिकाणी या नालीला हौदाइतकं चांगलं वॉटरप्रूफिंग केलेलं नसतं. नालीची भोकं रबरी बुचांनी किंवा प्लास्टिकमध्ये गुंडाळलेल्या कापडाच्या बोळ्यांनी बंद करा, नाली बादलीने अर्धी भरा, खूण करा आणि चार-सहा तासांनी बघा. नाली लहान असते, त्यामुळे गळत असेल तर फरक लगेच दिसतो.

पाणी कुठे थांबतं

हौदावर संशय असेल आणि पाणी वाया जाण्याची तयारी असेल तर पंप बंद ठेवून, भरणं थांबवून पातळी उतरू द्या. दिवसागणिक पातळीच्या नोंदी ठेवा. उतरण्याचा वेग अचानक बाष्पीभवनाइतका झाला तर त्या रेषेवर काय आहे ते बघा. स्किमरच्या तोंडाशी थांबलं तर स्किमर, दिव्याच्या उंचीवर थांबलं तर दिव्याची खोबण किंवा तिचा कॉन्ड्यूट (वायरीची नळी), इनलेटच्या उंचीवर थांबलं तर इनलेट किंवा त्याचा पाइप. सगळ्या फिटिंग्जच्या खाली जाऊनही थांबलं नाही तर तळ, तळ आणि भिंत यांचा सांधा किंवा मेन ड्रेन. पाणी साचून राहतं म्हणून रोज क्लोरिन हाताने टाकून ब्रशने ढवळा, नाहीतर शेवाळ आणि डास दोन्ही होतात.

हे पावसाळ्यात करू नका. कोकणात जुलै-ऑगस्टमध्ये भूजल जमिनीच्या अगदी जवळ येतं. पूल रिकामा किंवा अर्धा असेल तर बाहेरचं पाणी त्याला खालून वर ढकलतं. फायबरचा हौद अक्षरशः उचलला जातो, काँक्रीटच्या तळाला तडे जाऊ शकतात. "पावसाळ्यात गिऱ्हाईक नसतं, तेव्हा रिकामा करून काम करू" हा सल्ला त्यामुळेच धोक्याचा. दुसरी गोष्ट, बाहेर पाणी भरलेलं असेल तेव्हा गळती आपोआप मंदावते किंवा थांबते. जूनमध्ये गळती "बंद झाली" आणि डिसेंबरात परत सुरू झाली, तर ती बरी झालेली नव्हती. शोधायला दिवाळीनंतर ते मे अखेरपर्यंतचा काळ चांगला.

रंगाची चाचणी

ही सगळ्यात समाधान देणारी पायरी, कारण इथे गळती प्रत्यक्ष दिसते. पण रंग घेऊन सगळा पूल हुडकत बसू नका. आधीच्या नोंदींनी जागा दोन-चार उरल्या की मगच करा.

पाण्यात उतरण्याआधी पंप बंद आणि दिव्यांचा एमसीबी खाली. दिवे 12 व्होल्टचे असले तरीही. मेन ड्रेनची ओढ जीवघेणी असू शकते, त्यामुळे पंपाच्या स्विचजवळ एक माणूस उभा ठेवा, म्हणजे टायमरवर पंप अचानक चालू होणार नाही. एकट्याने बुडी मारू नका.

खाण्याचा लाल किंवा निळा द्रव रंग थोड्या पूलच्या पाण्यात मिसळा. नुसता घट्ट रंग आपल्या वजनाने खाली बसतो आणि फसवतो. सुई काढलेल्या 10 मिलीच्या सिरिंजमध्ये तो भरा. पोहण्याचा चष्मा लावून हळू उतरा आणि पाणी शांत होईपर्यंत दहा-पंधरा मिनिटं न हलता थांबा. मग संशयाच्या जागेपासून बोटभर अंतरावर सिरिंज धरून अगदी थोडा रंग सोडा, एक-दोन थेंबच. रंगाचा छोटा ढग तिथेच लोंबकळत राहिला आणि हळूहळू विरला, तर तिथे गळती नाही. गळती असेल तर ढगाला एक टोक फुटतं, रंगाचा बारीक दोरा होतो आणि तो चिरेत ओढला जातो. एकदा हे बघितलं की पुन्हा शंका राहत नाही. त्याच जागी दोनदा करून खात्री करा आणि खडूने नव्हे, तर पाण्यात टिकणाऱ्या टेपने खूण करा.

कुठे कुठे सोडायचा? स्किमरचं प्लास्टिकचं तोंड आणि काँक्रीट यांच्या सांध्याला चारही बाजूंनी. इनलेटच्या कडेने. मेन ड्रेनच्या जाळीभोवती. टाइलच्या सांध्यांत जिथे ग्राउट खोल गेलंय किंवा नखाने निघतंय तिथे. पण सर्वांत आधी दिव्याशी. दिव्याचे स्क्रू काढले की तो वायरसकट बाहेर ओढता येतो. खोबणीच्या मागे जिथे वायर कॉन्ड्यूटमध्ये जाते ते तोंड बंद केलेलं असावं लागतं. ते नुसत्या सिलिकॉनने भरलेलं असेल तर काही वर्षांत सुटतं, आणि पाणी कॉन्ड्यूटमधून वाहत जमिनीत किंवा जंक्शन बॉक्सपर्यंत जातं. रंग त्या तोंडाशी सोडा.

बाहेरच्या खुणा

पूलभोवती फिरताना मे महिन्यातही हिरवीगार राहिलेली गवताची पट्टी, खचलेला पेव्हर, सतत ओलसर कोपरा, उतारावरच्या बंगल्यात खालच्या रिटेनिंग भिंतीवर उमटलेले पांढरे क्षार हे सगळं टिपून ठेवा. ओल पूलचीच आहे का हे बघायला तिथलं पाणी टेस्ट किटमध्ये तपासा. क्लोरिनचा रंग आला तर पूलचंच. नाही आला म्हणून मात्र पूल सुटत नाही, कारण मातीतून जाताना क्लोरिन संपून जातं. टेरेसवरच्या छोट्या पूलमध्ये ओल खालच्या छताला दिसते, पण ती गळतीच्या बरोबर खाली असतेच असं नाही. स्लॅबच्या उताराने पाणी कितीतरी फूट सरकतं.

माणूस बोलवायचा तेव्हा

सगळं बोट पाइपाकडे दाखवत असेल तर घरगुती उपाय इथे संपतात. प्रत्येक लाइन दोन्ही टोकांना बुचं लावून, पाण्याने भरून, हाताच्या टेस्ट पंपाने दाब देऊन गेजवर बघावी लागते. 15-20 पीएसआय दाब अर्धा तास स्थिर राहिला तर लाइन चांगली, काटा उतरत गेला तर तीच दोषी. ही चाचणी एकेका लाइनची वेगळी करायला सांगा आणि प्रत्येकीचा सुरुवातीचा व शेवटचा आकडा लिहून घ्या. कोणी कॉम्प्रेसर आणून नुसत्या हवेने दाब देऊ लागला तर थांबवा. दाबलेल्या हवेने बूच बंदुकीच्या गोळीसारखं सुटतं आणि माणूस जखमी होतो. दोषी लाइन कळल्यावर जमिनीखालची नेमकी जागा ऐकण्याच्या यंत्राने किंवा ट्रेसर गॅसने शोधणारे लोक असतात. त्यांना बोलावण्याचा खर्च अख्खा डेक उकरण्यापेक्षा बहुधा कमीच पडतो. पूल बांधताना काढलेले पाइपांचे फोटो किंवा नकाशा असेल तर तो आधी शोधून ठेवा.

दुरुस्ती जागेनुसार ठरते. चीर किंवा फिटिंगची कड असेल तर पाण्याखाली घट्ट होणारी इपॉक्सी पुट्टी, पूल रिकामा न करता. कॉन्ड्यूटच्या तोंडालाही तीच. काही टाइलचे सांधे गेले असतील तर तेवढ्याच भागाचं इपॉक्सी ग्राउट. तळ आणि भिंतीच्या सांध्यातून पाणी जात असेल तर मात्र कोरड्या मोसमात पूल रिकामा करून वॉटरप्रूफिंगच करावं लागतं. तिथे वरवरचा लेप टिकत नाही.

काम झाल्यावर बादली परत मांडा, पंप बंद ठेवून एकदा आणि चालू ठेवून एकदा. एकाच पूलमध्ये दोन गळत्या असणं अजिबात दुर्मीळ नाही, आणि मोठी बंद झाल्यावरच लहान दिसते. कंत्राटदाराचा शेवटचा हप्ता या आकड्यांनंतर द्या. पूल नवा बांधून घेत असाल तर टाइल लावण्याआधीच पाणी भरून बघण्याची अट करारात घाला. काँक्रीट सुरुवातीला पाणी शोषतं, म्हणून पाण्याच्या टाक्यांच्या भारतीय मानकात, आयएस 3370 मध्ये, जमिनीखालच्या टाक्यांसाठी भरल्यावर सात दिवस थांबून मग पुढचे सात दिवस रोज पातळी नोंदवायला सांगितलं आहे. पूललाही तेच लावा. आणि पूल भरणाऱ्या नळावर एक साधा पाण्याचा मीटर बसवून घ्या. केअरटेकरने दर रविवारी त्याचा आकडा पंपरूमच्या वहीत लिहिला की पुढची गळती पहिल्याच महिन्यात दिसेल.